भेट एक, पानं दोन

सरांना माझं नाव माहीत आहे, हे मला पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. तेही विद्यापीठाच्या अहवालावर त्यांनी ते स्वतःच्या हातानं, वेलांटीसकट बरोबर लिहिलं म्हणून. तोवर मी नुसती "बाई" होते. माझ्याआधी ज्या दोघी त्यांच्याकडे शिकून गेल्या त्याही "बाई", आणि पोरं सगळी "बाप्पा". सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा विसराळू दिसतो. विसराळू कसला! कोणत्या साली कोणत्या बाकावरच्या पोरानं पेपरात कोणतं गणित चुकवलं, ते त्यांना तोंडपाठ होतं. नाव न घेणं हा त्यांचा सिद्धांत होता.

"इलेक्ट्रॉनले नाव असते का, बाई?"

"नाही सर."

"मंग? त्यायचं अडलं काही? सारं जग चालवून राह्यले ते बिनानावाचे."

सर क्वांटम केमिस्ट्री शिकवायचे. वर्ध्याच्या एका साध्यासुध्या कॉलेजात, जिथे उन्हाळ्यात फळ्याला हात लावला तर चटका बसायचा आणि मुलांना केमिस्ट्री म्हणजे टेस्ट ट्यूब एवढंच ठाऊक होतं, तिथे हा माणूस तीस वर्षं इलेक्ट्रॉनांची गर्दी मोजत बसला होता. इलेक्ट्रॉन सगळे एकसारखे असतात, त्यांतला हा कोणता आणि तो कोणता हे खुद्द देवालाही सांगता येणार नाही, हे वाक्य पुस्तकात सगळेच वाचतात. सर ते जगायचे.

हजेरी हा त्यांचा आणि प्राचार्यांचा कायमचा तंटा. सर वर्गात आले की डोकी मोजायचे आणि तेवढाच आकडा लिहून मोकळे व्हायचे. प्राचार्य म्हणायचे, अहो, कोण आलं ते लिहा. सर म्हणायचे, "किती आले ते मी सांगतो. कोण आले ते ज्याचं त्यानं सांगाव." शेवटी हजेरीपुस्तक मुलांमध्ये फिरवायचं असं ठरलं, आणि मग वर्गात कधी न दिसलेली मुलंही हजर व्हायला लागली. सर शेवटी बेरीज पाहायचे, डोक्यांशी जुळली नाही की पुस्तक परत फिरवायचे. "आधी बेरीज, मंग बोला," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. बाकी जगात काहीही होवो, बेरीज जुळलीच पाहिजे.

एकदा दोन मुलांनी तास चालू असताना गुपचूप जागा बदलल्या. एकाला पंख्याखाली बसायचं होतं, एवढंच. सर फळ्याकडून वळले आणि थांबले.

"कोण्या दोघायनं जागा बदलल्या?"

दोघांनीही वहीत डोकं घातलं.

"अरे बाप्पा, वर्गाचं चिन्ह उलटं झालं न! दोन इलेक्ट्रॉनची अदलाबदल केली का साऱ्या गणिताच्या पुढं वजा लागते. आता मी वजा वर्गाले शिकवू का?"

मग त्यांनी पुढच्या बाकावरच्या दोन मुलींना उठवलं आणि त्यांच्या जागा आपसांत बदलायला लावल्या. वजा वजा अधिक झालं, तास पुढे सुरू. त्यातली एक मुलगी नेमकी पंख्याखालून उन्हात गेली. तिनं त्या दोन पोरांना वर्षभर शिव्या घातल्या. पण परीक्षेत त्यावर प्रश्न आला तेव्हा एकाचंही चिन्ह चुकलं नाही, हेही खरं.

हा सिद्धांत सगळ्यात महागात कोणाला पडला असेल तर काकूंना. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे नावानिशी आणि वेळेवर, हा त्यांचा धर्म. नवरा असा. सर बाजारात टमाटे निवडायचे नाहीत. वर हाताला येतील ते पिशवीत. "सारखेच तर आहेत," म्हणायचे.

"इलेक्ट्रॉन सडत नाई जी," काकू म्हणायच्या, "टमाटे सडते!"

सर हसून पिशवी ठेवून द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच टमाटे आणायचे.

मी समुद्रपूरची. वडील शिंपी, बसस्टॉपसमोर दुकान. एम.एस्सी. करून मी सरांकडे आले तेव्हा मला आकडेमोड यायची, पण आपण काय करतोय ते कळत नव्हतं. विचारायची लाज वाटायची. एकदा मनाचा हिय्या करून विचारलंच. आम्ही कॉलेजबाहेरच्या टपरीवर चहा पीत होतो.

"सर, डेन्सिटी मॅट्रिक्स म्हणजे नेमकं काय? सूत्र नको. समजेल असं सांगा."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, एवढंही येत नाही का? सरांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "तुया समुद्रपुरात काय चालून राह्यलं, हे मले समजून घ्याचं आहे. मंग मी काय करू? घरोघरी जाऊन साऱ्यायची कुंडली लिहू? जलम जाईन. पण दोघं दोघं एकमेकांशी कसे वागते, एवढंच कोणी मले सांगतलं, तर गाव समजते का नाई?"

"समजतं."

"बस. रेणूतले इलेक्ट्रॉन म्हंजे गाव. साऱ्या गावाची हकीकत मांडतो म्हटलं तं कम्प्युटर फुटून जाईन. म्हणून आपण दोघादोघांचा हिशेब ठेवतो. तोच थो डेन्सिटी मॅट्रिक्स. ऊर्जा काढाले तेवढा पुरते."

मला इतकं बरं वाटलं! दोन वर्षं जे डोक्यावरून जात होतं ते एका कप चहात पदरात पडलं. पण सर तिथे थांबणारे थोडेच. त्यांनी लगेच टपरीवाल्याला हाक मारली.

"बाप्पा, गावात दोनच पार्ट्या. मी, तू अन् ही बाई. कोणी सांगतलं का तुयी अन् माही पार्टी येगळी. खरं असू शकते?"

"असू शकते न सर."

"माही अन् हिची येगळी?"

"तेही असू शकते."

"तुयी अन् हिची बी येगळी?"

टपरीवाल्यानं किटली खाली ठेवली, बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "हे नाई जमत. पार्ट्या दोन अन् माणसं तीन."

"आता पाह्य!" सर माझ्याकडे वळले. "दोघादोघांची गोष्ट कोणीही रचते. एकेक आयकली तं खरी वाटते. पण असं गाव कुठंच नसते. आपले आकडे खऱ्या गावाचे आहेत का रचलेले, हे तपासणं म्हंजे आपलं काम. बाकी सारं कम्प्युटर करते."

मी आज मुलांना शिकवते तेव्हा हेच उदाहरण देते, आणि मुलं त्यावर हमखास निवडणुकीच्या गप्पा सुरू करतात.

माझ्या वाट्याला आलेला रेणू दोन तांब्याच्या अणूंचा होता. दोघांवर एकेक एकटा इलेक्ट्रॉन, मध्ये ऑक्सिजनचा पूल. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, तो वर किंवा खाली. हे दोघं एकमेकांपासून लांब राहूनही एक वर, एक खाली असे राहतात का, आणि सगळ्यांचा मिळून स्पिन शून्य होतो का, हा माझा प्रश्न. प्रयोग करणाऱ्यांनी शून्य होतो हे दाखवलं होतं. मला ते गणितानं दाखवायचं होतं आणि त्यापुढची ऊर्जा सांगायची होती. स्पिन मोजायला सरांनी तरुणपणी लिहिलेला प्रोग्राम होता. पण एवढा मोठा रेणू त्या प्रोग्रामला एकट्याला झेपेना, म्हणून जोड्यांचा हिशेब मी एका नव्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामकडून करून घेतला आणि तो सरांच्या प्रोग्रामला जोडला.

उत्तर शून्य यायला पाहिजे होतं. आला एक भलताच आकडा.

मी पुन्हा चालवलं. तोच आकडा. पाण्याचा रेणू घेऊन पाहिला, त्यातही शून्य सोडून भलतंच. दोष कोणाचा, हे सरळ होतं. नवा प्रोग्राम सारं जग वापरतं, तो चुकला असता तर कोणीतरी ओरडलं असतं. म्हणजे चूक सरांच्या प्रोग्राममध्ये. तो एकटा चालवला की पाण्याला शून्य द्यायचा, पण स्वतःची चूक स्वतःशी जुळणारच. आणि सरांचा प्रोग्राम चुकीचा म्हणजे सरांचे तीस वर्षांचे पेपर चुकीचे.

वेळ तरी कोणती! ऑक्टोबर संपला की सर निवृत्त होणार होते. तोवर प्रबंध जमा झाला नाही तर दुसरा गाईड शोधा, नागपूरला चकरा मारा, असं ऑफिसातून स्पष्ट सांगितलं होतं. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते. डिग्री हातात नसेल तर पुढच्या वर्षी तेही गेलं. आणि इकडे बाबांनी गावभर सांगून ठेवलेलं, पोरगी डॉक्टर होऊन राह्यली. लोक दुकानात येऊन माझ्यासाठी बीपीच्या गोळ्यांचे प्रश्न ठेवून जायचे.

पण खरं सांगू? नोकरीपेक्षा मला सरांचं भ्या वाटत होतं. रागावतील याचं नाही. ते कधी रागावले नाहीत. निवृत्त होणाऱ्या माणसाला, सर, तुमचं सगळं चुकलं हो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी आठवडाभर त्यांना टाळलं. समोर आले की "काम सुरू आहे सर" म्हणायचं आणि सटकायचं. तेही काही विचारत नव्हते. ज्या माणसानं आयुष्यभर "बेरीज जुळली का?" शिवाय दुसरा प्रश्न विचारला नाही, तो गप्प. मला वाटलं, निवृत्तीचं मनाला लागलं असेल.

दसऱ्याला ठरवलं, आज सांगायचंच. लॅपटॉप पिशवीत घातला, त्यावर आपट्याची पानं ठेवली आणि पिपरी मेघेला सरांच्या घरी गेले. चार वाजले असतील. अंगणात सायकलींना, काकूंच्या स्कूटीला, झालंच तर सरांच्या कम्प्युटरलाही झेंडूचे हार घातलेले. काकूंनी पाणी आणून दिलं. सर खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा सदरा, पण चेहरा उतरलेला.

मी पुढे झाले, पान त्यांच्या हातात दिलं, "सोनं घ्या सर," म्हटलं, वाकून नमस्कार केला आणि काकूंकडे वळले.

"बाई, थांब."

मागे पाहिलं तर सर हात पुढे करून उभे. हातात त्यांचं पान.

"माहं सोनं कोण घेईन?"

"आमच्या घरी मोठे देत नाहीत सर," मी म्हटलं. "लहानांनी द्यायचं, मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? रीतच आहे तशी. एका भेटीला एक पान."

"आमच्याकडं लहानमोठं नाई. मी तुले, तू मले. भेट एक, पानं दोन." असं म्हणून त्यांनी पान माझ्या हातावर ठेवलं. ठेवलं, आणि हात मागे घेतलाच नाही. त्या पानाकडे पाहत राहिले. मीही पाहत राहिले. एकच भेट; आमच्या घरी एक पान, त्यांच्या घरी दोन.

"सर..."

"लॅपटॉप आणला का?"

"आणला."

"काढ."

काकू म्हणाल्या, "अवो, सणाचा दिवस आहे, पोट्टीले बसू तं द्या! खीर वाढून राह्यली मी." पण तोवर आम्ही दोघं ओट्यावर मांडी घालून बसलो होतो. भलत्या आकड्याचं मी अजून सांगितलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

सरांच्या प्रोग्रामची रीत अशी होती की एक वर आणि एक खाली अशी जोडी आली की ती दोनदा लिहायची. हा त्याच्याबरोबर, आणि तो ह्याच्याबरोबर. नव्या प्रोग्रामची रीत माझ्या घरच्यासारखी. असली जोडी एकदाच लिहायची. दुसरी तशीच असते, समजून घ्या. दोन्ही रीती पुस्तकात आहेत, दोन्ही चालतात. मी मात्र एका घरची पानं उचलून दुसऱ्या घरी नेली होती, आणि सरांचा प्रोग्राम दुसऱ्या पानासाठी हात पुढे करून उभा राहिला होता. जे पान देणारच नव्हतं कोणी.

मी एक ओळ घातली. असली प्रत्येक जोडी दोनदा धर. बस, एवढंच. आधी पाण्याचा रेणू. शून्य! मग तांब्याचा. तो जरा वेळ घेतो. काकू खिरीच्या वाट्या ठेवून गेल्या, कोणी हात लावला नाही. शेवटी पडद्यावर उत्तर उमटलं. शून्य. पुढे पॉइंट, आणि नुसती शून्यं.

मी ओरडलेच. शेजारची बाई कुंपणावरून पाहायला आली, काय झालं म्हणून. सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "घरं दोन्ही चांगली होती. रीत दोन्ही घरची बरोबर होती. सोयरीक जोडताना आपण इचारलं नाई, एवढंच."

आणि मग त्यांनी वाटीभर खीर खाल्ली, दुसरी मागितली, तिसरी मागितली. काकू मला हळूच म्हणाल्या, "आठ दिवसांतून आज जेवून राह्यले, बेटा." मला वाटलं, आपल्यासाठी किती जीव टाकतात सर! डोळे भरून आले. परत जाताना मी रिक्षावाल्यालाही सोनं दिलं.

प्रबंध वेळेत जमा झाला. सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी भाषणाला उभं राहून समोरची डोकी मोजली, "सारे आले," म्हणाले आणि बसले. आता ते घरी असतात, पेपरातली कोडी सोडवतात, काकूंबरोबर बाजारात जातात आणि टमाट्यांना हात लावायची परवानगी नसल्यामुळे पिशवी धरून उभे राहतात. मला अधूनमधून फोन येतो. "बाई, मुलायले दोन पार्ट्यांचं सांगतलं का?"

माझी तोंडी परीक्षा पुढच्या मार्चमध्ये झाली. बाहेरून मोठे परीक्षक आले होते, कडक म्हणून ख्याती. बाबा दुकान बंद करून आले आणि शेवटच्या रांगेत ताठ बसले. सर गाईड म्हणून बाजूच्या खुर्चीवर. गाईडनं मध्ये बोलायचं नसतं, असा दंडक. प्रबंधात मी त्या दोन रीतींवर एक परिच्छेद लिहिला होता. परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"ही एक ओळ सापडली म्हणून वाचलात. नसती सापडली तर? चुकीच्या प्रोग्रामवर प्रबंध जमा केला असता का?"

मी प्रबंधाचं ते पान उगाच उलटून पाहिलं. काय सांगणार? तेवढ्यात बाजूची खुर्ची वाजली.

"मी बोलू नये, मले ठाऊक आहे," सर उभे राहून म्हणाले. "पण हा प्रश्न तिचा नाई जी, माहा आहे. तिनं जोडलं तेच मीही इकडं चालवून पाह्यलं होतं. मलेही तोच भलता आकडा आलता."

मी गर्रकन त्यांच्याकडे वळले.

"मले वाटलं, माहाच प्रोग्राम खोटा. मी घरी बायकोले सांगतलं, दसरा झाला का ज्या ज्या मासिकात माहे पेपर आहेत तिथं कळवून टाकतो, हे सारं चुकलं म्हणून. मंग स्पिनचा भाग पोरीनं दुसऱ्या प्रोग्रामनं नव्यानं करावा अन् थिसिस द्यावी. तिचं काम खोट्या पायावर राहू द्याचं नव्हतं."

"तीस वर्षांचे पेपर मागे घेणार होता?" परीक्षकांनी विचारलं.

"मंग काय करू? माहे पेपर छापून झाले, बढत्या घेऊन झाल्या. हिचं सारंच व्हायचं होतं. दोघांतलं एक बुडवायचं तं कोणाचं बुडवायचं, यात इचार कराले काय होतं?"

ते बसले. मी ज्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून आठ दिवस तोंड चुकवत फिरत होते, तो माणूस तेच आठ दिवस माझ्यासाठी आपलं सगळं आयुष्य उचलून द्यायला तयार बसला होता, आणि मला कळू नये म्हणून गप्प होता. मी तिथेच, परीक्षकांसमोर, बाबांसमोर, हमसून हमसून रडले. परीक्षकांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला, प्रबंध मिटला आणि म्हणाले, "माझे प्रश्न संपले."